पंपाच्या तोंडात

आमच्या खाणीचं पाणी लोखंड खातं. नुसता गंज चढवत नाही, खातं. कोपाहिरा म्हणतात त्याला आमच्याकडे. रंग गढूळ चहाचा, चव आंबट, आणि चुकून जिभेला लागलं तर दिवसभर तोंड वाकडं. अशा पाण्यात पंप ठेवायचा आणि तो टिकेल म्हणायचं, म्हणजे वाळवीला लाकूड राखायला सांगण्यासारखं आहे. म्हणून तर खाणकामगारांच्या सहकारी संस्थेने मला ठेवून घेतलंय. खाणीच्या तोंडाशी पत्र्याचं वर्कशॉप आहे, तिथे मी पंपांची आतडी बदलते. खाली मात्र मला जाऊ देत नाहीत. बाईने आत पाऊल टाकलं की कथलाची शीर रुसून दगडात दडी मारते, अशी आमच्या पुरुषांची समजूत. मी बांधलेला पंप चालतो, मी चालत नाही. यावरून मी पुष्कळ भांडले आहे आणि पुष्कळ हरले आहे.

त्या ऑगस्टमध्ये मोठा पंप वर काढून माझ्या टेबलावर आणला होता. खाली धाकटा पंप कसाबसा काम रेटत होता. मोठ्याचे लांब बोल्ट काढून मी त्याचे कप्पे एकेक करून सुटे केले, तर आतले सहाही इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारी चाकं, चाळणीसारखे झालेले. पात्यांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. नवे काशाचे इंपेलर ओतून आले होते, त्यांच्या रिंगा मी सावकाश लेथवर कातून घेत होते. घाई नव्हती. आणि एका सकाळी घाई आली.

सगळ्यात खालच्या बोगद्यात माझ्या भावाच्या टोळीने सुरुंग लावला आणि समोरची भिंतच गेली. पलीकडे जुन्या कंपनीने सोडून दिलेलं खोदकाम होतं, वर्षानुवर्षं साठलेल्या पाण्याने तुडुंब. ते सगळं बोगद्यात आलं. बाकीचे माणसं वर-खाली नेणाऱ्या पिंजऱ्यापर्यंत पळाले आणि वर आले. तिघे उरले. लिंबेर, म्हणजे माझा धाकटा भाऊ, आणि त्याचे दोन साथीदार. ते तिथल्या एका उभ्या भुयारात चढून बसले होते. हे भुयार वरून बंद होतं. खालून पाणी चढत होतं आणि वर दगड. ते जिवंत आहेत हे कळलं ते खाली हवा नेणाऱ्या पाइपमुळे. त्या पाइपवर कोणीतरी आतून ठोकत होतं. तीन ठोके, थांबून पुन्हा तीन.

धाकट्या पंपाला ते पाणी आवरणारं नव्हतं. मोठा खाली जाऊन चालला तर पाणी उतरणार, नाहीतर ते त्या भुयारात शेंड्यापर्यंत भरणार. हिशोब एवढा सोपा होता.

संस्थेचा प्रमुख ग्रोवेर धावत वर्कशॉपमध्ये आला. "निकोलासा, किती वेळ लागेल?"

"तू विचारत उभा राहिलास तर जास्त. दोन माणसं दे आणि तोंड मिटून ठेव."

त्याने खरंच तोंड मिटलं. एरवी त्याने मला चार शब्द सुनावले असते.

मी कामाला लागले. शाफ्ट उभा करून त्यावर पहिला इंपेलर, त्याच्यापुढे कप्पा, मग दुसरा इंपेलर, दुसरा कप्पा. प्रत्येक वेळी रिंगेची फट मोजायची. फट मोठी राहिली तर पाणी आतल्या आत फिरत बसतं, वर चढत नाही. लहान राहिली तर काशावर कासं घासून पंप जागीच आवळून बसतो. मला सारखा लिंबेर दिसत होता, लहानपणी थंडीत माझ्या शालीत शिरून पाय माझ्या पोटाला लावणारा. त्याचे पाय कायम गार. आणि आता तो त्या पाण्यात. मी शिव्या देत बोल्ट आवळत होते. त्या कोणाला होत्या ते विचारू नका, सगळ्यांनाच होत्या.

पंप बांधून होत आला तेव्हा आई आली. आईने सगळं आयुष्य खाणीबाहेरच्या ढिगाऱ्यावर काढलंय, हातोडीने दगड फोडून त्यातलं कथील वेचत. हातात गरम सूपचं भांडं होतं, गाठोड्यात आणखी काहीतरी. डोळे कोरडे.

"पोटात दोन घास घाल," ती म्हणाली.

"आई, आत्ता?"

"उपाशी हाताला पाना आवळत नाही."

मी दोन चमचे ओतल्यासारखे प्यायले आणि पंप उचलायला गाडीवाल्यांना हाक मारायला बाहेर गेले. परत आले तेव्हा आई पंपाशेजारी उभी होती, पदरासारखी शाल तोंडावर ओढून काहीतरी पुटपुटत. मला वाटलं, प्रार्थना करत असेल. करू दे. मी पंपाच्या तोंडावर लाकडी बूच ठोकलं, जिथून पाणी आत शिरतं त्या तोंडावर, म्हणजे वाटेत दगडमाती जायला नको. आणि पंप पिंजऱ्याखाली साखळीने बांधून खाली गेला.

यापुढे माझ्या हातात फक्त फोन होता. खाणीच्या तोंडाशी एक खोपटं आहे, त्यात हाताने फिरवायचा फोन. खाली पंपाजवळ, बोगद्याच्या उंच टोकाला, दुसरा. खालच्या फोनवर एलिओदोरो होते, आमचे जुने पंपवाले, लिंबेरचे धर्मबाप. त्यांना आम्ही मामा म्हणतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी त्या दिवशी केलं, आणि शेळ्या होत्या माझा भाऊ धरून.

"मामा, बूच काढलं?"

"काढलं गं पोरी. पाइप जोडतोय. पाणी माझ्या गुडघ्याला लागलंय इथे."

"मोटरशी जोडताना सरळ रेषेत बसवा. घाईत वाकडं बसवलं तर बेअरिंग जाईल."

"तुझ्या जन्माआधीपासून पंप बसवतोय मी."

"म्हणूनच सांगतेय. माझ्या जन्माआधी तुम्ही दोन जाळले होते."

खोपट्याबाहेर बायका उभ्या होत्या, गालात कोकाची पानं धरून, गप्प. वारा पत्रा वाजवत होता. आई माझ्या मागे पेटीवर बसली होती. ग्रोवेर दाराला टेकून.

"चालू करतो," मामा म्हणाले. आणि फोनमधून मोटरचा आवाज वर चढत आला. आता पाण्याचा भरीव सूर लागायला हवा होता. लागला नाही. त्याऐवजी धडधड सुरू झाली.

"दाबाचा काटा वर येत नाहीये," मामा ओरडले. "थरथरतोय नुसता! पाणी चढत नाही वर!"

"फोन पंपाच्या अंगाला लावा. पहिल्या कप्प्याला. लावा म्हणते ना!"

त्यांनी लावला. मी दुसरा कान बोटाने बंद केला. रिंग घासली तर किंचाळते. बेअरिंग गुरगुरतं. हवा अडकली तर वाळू ओतल्यासारखा आवाज येतो. हा त्यातला नव्हता. प्रत्येक फेऱ्याला एकदा, मऊ, जड, बोथट. धप्. धप्. पहिल्या इंपेलरच्या पात्यांमध्ये काहीतरी रुतून बसलं होतं, आणि ते दगड नव्हतं, लाकूड नव्हतं. मऊ धातू.

"बंद करा," मी म्हटलं. "आत काय पडलंय, मामा? कोणी काय टाकलं?"

"आम्ही? देवाशपथ काही नाही! बूच काढलं आणि पाइप लावला."

ग्रोवेर म्हणाला, "मग खोला."

"खोलून पुन्हा बांधायला संध्याकाळ होईल. तोवर तिघांचं काय होईल ते तूच सांग बाहेरच्या बायकांना."

त्याने दारातून बायकांकडे बघितलं. आणि माझ्या मागून आई म्हणाली, "मी ठेवलंय."

मी वळले. तिने मान खाली घातली नव्हती. सरळ माझ्याकडे बघत होती.

"काय ठेवलंय?"

"लिंबेरला."

ऑगस्टमध्ये धरणीचं तोंड उघडं असतं, ती भुकेली असते, आणि त्या महिन्यात आम्ही तिला खायला घालतो. साखरेच्या वड्या, कोका, लामा जनावराची चरबी, आणि शिशाच्या छोट्या मूर्ती. घर हवं असेल तर घर, गाय हवी असेल तर गाय. आईने बाजारातून बोटभर लांबीचा शिशाचा माणूस आणला होता, त्याच्या कानात लिंबेरचं नाव तीनदा सांगितलं होतं, आणि लामाच्या चरबीत थापून तो माझ्या पंपाच्या तोंडात, आत हात जाईल तिथवर चिकटवला होता. मी गाडीवाल्यांना हाका मारत होते तेव्हा.

"पंप खालचं वर ओढतो ना?" आई म्हणाली. "मग त्याला कळायला नको, कोणाला ओढायचंय?"

मी काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, "तू तुझ्या हाताने त्याला मारलंस." बाहेरच्या बायकांनी ऐकलं. फोन उघडा होता, खालच्यांनीही ऐकलं. आईचा चेहरा हलला नाही. तिचे हात मात्र मांडीवर उलटे पडले, कोणीतरी त्यांतला जोर काढून घेतल्यासारखे.

पण रागाचा एक उपयोग असतो, डोकं भणभणतं आणि मग स्वच्छ होतं. शिसं आत जाताना अडकलंय, म्हणजे ते मागे ढकललं तर सुटेल. मागे ढकलायला काय आहे? वर येणारा मोठा पाइप. खाणीच्या तळापासून तोंडापर्यंत पाण्याने भरलेला, झडपेने अडवून धरलेला. त्या झडपेच्या बाजूला छोटी वाट आहे, चाकाने उघडायची. ती उघडली की अख्खा पाण्याचा खांब पंपातून उलटा खाली कोसळेल आणि आत अडकलेलं जे असेल ते घेऊन, पंप जिथून पाणी ओढतो त्या हौदात जाईल.

मी मामांना सांगितलं. धाकटा पंप बंद करा, कारण पाइप एकच आहे. मोटरच्या जोडणीत पहार अडकवा, नाहीतर शाफ्ट उलटा गरगरेल आणि इंपेलरचे नट सुटतील. हौदातल्या पाइपाची जाळी काढा, नाहीतर ते शिसं जाळीत अडकून पुन्हा आत येईल. मग चाक उघडा.

"एकदाच जमेल हे," मी म्हटलं. "पाइप रिकामा झाला की पुन्हा भरायला वेळ नाही."

"धाकटा बंद केला तर पाणी अजून जोरात चढेल," ग्रोवेर म्हणाला.

"माहीत आहे."

"आणि नाही सुटलं तर?"

"ग्रोवेर, तुझ्याकडे दुसरा काही उपाय असेल तर बोल. नसेल तर दारातून बाजूला हो, उजेड अडतोय."

त्याचं तोंड आवळलं, पण तो बाजूला झाला. मला त्याची कीवही आली. अडकलेल्यांपैकी एक त्याचा मेव्हणा होता.

मामा जाळी काढायला हौदात उतरले. फोनवर आता त्यांचा जोडीदार होता. मी विचारलं, "ठोके येतायत का पाइपवर?"

"येतायत. पण लांब लांब."

"तीनच ना?"

"शेवटचे दोनच होते, ताई. कदाचित तिसरा ऐकू आला नसेल."

मी ते आईला सांगितलं नाही. पण ती उठून माझ्याजवळ आली होती. तिने फोनची वायर मुठीत धरली.

"निको, त्याला पाण्यात टाकू नकोस."

"आई, सोड."

"मी त्याला वर यायला सांगितलंय. तू खाली ढकलतेयस. तो शिशाचा नाही आता, त्याला नाव दिलंय. तो पाण्यात गेला की हा पण जाईल. सोडून दे, पंप खोल, मी हात जोडते."

आईने आयुष्यात कोणापुढे हात जोडलेले मी पाहिले नव्हते. मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. मी तिची बोटं एकेक करून वायरवरून सोडवली. म्हातारी, दगड फोडून घट्ट झालेली बोटं. जोर लावावा लागला.

तेवढ्यात मामांचा आवाज आला, थंडीने कुडकुडणारा. "जाळी निघाली. पहार लावलीय. चाकावर हात आहे माझा."

"उघडा."

काहीच झालं नाही.

"मामा? उघडा म्हटलं ना!"

"पोरी," ते म्हणाले, "हौदातून वर येताना मी ऐकलं आईचं. मी त्याचा धर्मबाप आहे. बाप्तिस्म्याला मी त्याला हातांवर धरलं होतं, नाव पण मीच सांगितलं होतं पाद्र्याला. आता याच हातांनी त्याला पाण्यात सोडू?"

"मामा, ते शिसं आहे!"

"असेल. तू रक्ताची आहेस. तू सांग. नाव घेऊन सांग, म्हणजे मी उघडतो. माझ्या एकट्याच्या डोक्यावर नको."

हसण्यासारखं होतं. वर पंप बांधायला मी चालते, खाली जायला चालत नाही, आणि आता माणसाला पाण्यात सोडायला मी हवी होते. खोपट्यात आई, दारात ग्रोवेर, बाहेर बायका, सगळे माझ्याकडे बघत होते. वाद घालायला वेळ नव्हता. एक वाक्य होतं, ते बोलायचं आणि झालं. मी फोन दोन्ही हातांनी धरला.

मग मी बोलले. "लिंबेरला खाली सोडा."

आई मटकन खाली बसली.

फोनमधून आधी लोखंडी चाकाचा कुरकुर आवाज, आणि मग पाणी. डोंगराच्या पोटातून काहीतरी कोसळत असावं असं. पत्रा थरथरला असं मला वाटलं, तो वाऱ्यानेही थरथरला असेल. पाणी कोसळतच राहिलं, मग आवाज विरळ झाला, मग नुसतं गळणं. पाइप रिकामा.

"जाळी लावा. पहार काढा. मोठा चालू करा."

"थांब, हात बधिर झालेत..."

"मामा!"

मोटर चढली. मी डोळे मिटले. सुरुवातीला सूर पोकळ आला, कारण पाइप भरायचा होता. मग तो जड होऊ लागला, जड, आणखी जड. मी त्या धप् आवाजाची वाट बघत होते, आणि तो आला नाही. मोकळा भरीव सूर आला. बाहेर बायकांमध्ये एकदम गलका झाला, आणि मी बाहेर बघितलं तर खाणीच्या तोंडाशी पाइपातून ते घाणेरडं पिवळं पाणी उसळून डोंगरउतारावर पडत होतं. मला ते इतकं सुंदर कधीच दिसलं नव्हतं.

मग वाट बघणं. ते कामापेक्षा वाईट. हौदाची पातळी थांबली, असं मामा म्हणाले. मग, उतरतेय. मग, बोगद्याचं छत दिसतंय. ठोके बंद झालेत, एवढं मामांचा जोडीदार हळूच म्हणाला. आई खोपट्याच्या भिंतीला टेकून बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी तिला शाल दिली, तिने घेतली नाही. मी जे बोलले होते ते दोघींमध्ये तसंच पडलं होतं, आणि तिला जे वाटत होतं तेही. भाऊ मेला तर तिच्या मते मी मारला, माझ्या मते तिने. असं बसून राहणं कोणावर येऊ नये, एवढंच म्हणेन.

बचाव टोळी बोगद्यात शिरली. पिंजरा खाली गेला. बऱ्याच वेळाने घंटा वाजली, पिंजरा वर यायची. सगळे त्याच्याकडे धावले. आई उठली, चार पावलं आली आणि तिने माझा दंड धरला. नखं रुतली.

"तू जा पुढे," ती म्हणाली. "तू बघ. मला सांग."

मी गर्दीतून शिरले. पिंजऱ्याचं दार उघडलं. पहिला ग्रोवेरचा मेव्हणा, दोघांच्या खांद्यावर. दुसरा झोळीत, पण हलत होता. तिसरा स्वतःच्या पायांवर उभा होता, एका हाताने गज धरून, चिखलाने पिवळा, ओठ निळे.

"ताई," लिंबेर म्हणाला, "दगडाने माझं बोट चेचलं ठोकता ठोकता. शेवटी शेवटी ठोकताच येईना. घाबरलात ना?"

मी त्याच्या तोंडावर हात फिरवला. गार होतं, आणि मऊ होतं, आणि श्वास गरम होता. मला मागे वळून ओरडायचं होतं, आई, आहे, आहे! पण गुडघे टेकून मी चिखलात बसले आणि हमसून हमसून रडू लागले. लोक म्हणाले, आनंदाने. आनंद होताच, पण तो नंतरचा. पंपाचा सूर मोकळा लागल्यापासून मला सगळ्यांनी शाबासकी दिली होती, आणि त्या सगळ्या वेळात माझ्या पोटात एकच गोष्ट होती. मी त्याला नाव घेऊन खाली सोडलंय.

आई लोकांना ढकलत आली. तिने लिंबेरला आधी हात लावला, दोन्ही गालांना, कानांना, केसांना, जसा बाजारात माल पारखतात तसा. मग ती माझ्यासमोर वाकून बसली. म्हातारीला वाकायला त्रास होतो. तिने माझ्या नाकावरचा शेंबूड आणि चिखल शालीने पुसला.

"तुलाही वाटलंच होतं ना, तो जाईल म्हणून?" ती हळूच म्हणाली, कोणाला ऐकू जाणार नाही अशी.

मी मान हलवली. हो म्हणून.

"आणि तरी सांगितलंस."

"हो."

मग तिने माझा हात धरून मला उठवलं आणि तो हात घरापर्यंत सोडला नाही. लिंबेरचा दुसऱ्या हातात होता.